आठवडी बाजाराच्या जागेवर व्यापारी संकुल: वरून येणाऱ्या निधीबद्दल नगरपालिकेला नेमकं काय विचारायचं?

मोंढ्यातला | शनिवार, रात्री 9:50

राम राम मंडळी. मराठवाड्यातल्या एका क वर्ग नगरपरिषदेच्या गावात माझं हार्डवेअरचं दुकान आहे. गावाचं नाव लिहीत नाही. इथं वाचणारे निम्मे ओळखीचे आहेत आणि दुकान मला याच गावात चालवायचंय.

डिसेंबर 2025 मध्ये निवडणुका झाल्या. त्याआधी बरीच वर्षं प्रशासकच होते. आता नगराध्यक्ष आले, सभागृह आलं आणि त्यांचं पहिलं अंदाजपत्रक येऊ घातलंय. गावात चर्चा एकाच गोष्टीची आहे. आठवडी बाजाराच्या जागेवर दोन मजली व्यापारी संकुल होणार. फलक लागलासुद्धा, 'शहराच्या आर्थिक विकासासाठी'. निधी शासनाचा, म्हणजे आपल्या खिशाला तोशीस नाही, असं सगळे खुशीत सांगतायत.

मला खुशी होईना. बाजाराच्या दिवशी खेड्यावरचा माणूस मेथी-कोथिंबीर विकतो आणि परत जाताना माझ्याकडून पाइपाचा बेंड, पत्र्याचे स्क्रू, एखादं कुलूप घेऊन जातो. माझा आठवड्याचा गल्ला त्या एका दिवसावर उभा आहे. बाजार उठून गावाबाहेर गेला तर हा माणूस माझ्या दारावरून जाणारच नाही. वरच्या मजल्यावरच्या मोबाइलवाल्याला त्याचं काय?

तर जाणकारांनी सांगा. हा वरून येणारा पैसा कुठून येतो, कशावर खर्चता येतो, आणि 'आर्थिक विकास' म्हणून नगरपालिका खरंच काय करू शकते?

---

जमाखर्च | शनिवार, रात्री 11:15

नगरपालिकेच्या लेखा विभागात उभी नोकरी केली, आता निवृत्त आहे. जरा सविस्तर लिहितो.

आधी अधिकाराचं. 74वी घटनादुरुस्ती 1992 ची, अमलात आली 1 जून 1993 ला. तिनं घटनेला बारावी अनुसूची जोडली. त्यात शहरांकडे देण्यासारखे 18 विषय आहेत आणि तिसराच विषय आहे 'आर्थिक व सामाजिक विकासासाठी नियोजन'. म्हणजे फलकावर लिहिलेलं काम नगरपालिकेचंच आहे, त्यात खोट नाही. पण कागदावर विषय आले तरी त्यासोबत माणसं आणि पैसा तेवढा आला नाही. क वर्ग पालिकेत आर्थिक विकासाचं टेबल दाखवा म्हटलं तर शिपाई तुम्हाला कर विभागात नेऊन बसवेल.

आता पैसा. 'शासनाचा निधी' असं एकच पोतं नसतं. प्रत्येक पैशाचं खातं वेगळं, आणि कोणतं खातं हे विचारल्याशिवाय पुढं बोलायचंच नाही.

पहिलं सहायक अनुदान. पालिकांची जकात 1999 मध्ये गेली, तिच्या बदल्यात हे आलं. ते बहुतेक पगारातच जातं. त्यातून विकास वगैरे विसरा.

दुसरा केंद्राच्या वित्त आयोगाचा पैसा. पंधराव्या आयोगानं 2021 ते 2026 या काळासाठी देशभरातल्या शहरी संस्थांना मिळून 1,21,055 कोटींची शिफारस केली होती. दहा लाखांच्या आतल्या शहरांसाठी हिशेब असा: 40 टक्के मोकळा, म्हणजे अबंधित, 30 टक्के पिण्याचं पाणी, पर्जन्यसंचय आणि पाण्याचा पुनर्वापर यांना बांधलेला, 30 टक्के स्वच्छता आणि घनकचऱ्याला बांधलेला. समजा तुमच्या गावाला एक कोटी आले, तर 40 लाख स्थानिक गरजेप्रमाणे वापरता येतात, मात्र पगार आणि आस्थापना त्यातूनही भागवता येत नाही. शिवाय अटी. लेखापरीक्षण झालेले हिशेब ऑनलाइन जाहीर करा, मालमत्ता कराचे किमान दर ठरवा, वसुली वाढवा. आणि रीतसर निवडून आलेलं सभागृह हवं. प्रशासकांच्या काळात आपल्याकडच्या कितीतरी संस्थांचे हप्ते याच अटीवर अडकले. आता एप्रिल 2026 पासून सोळाव्या आयोगाचा काळ सुरू होतो, तेव्हा पुढच्या वाटणीचा कागद वेगळा मागा.

तिसरा राज्याचा योजनानिहाय पैसा: नगरोत्थान, वस्ती सुधार, वैशिष्ट्यपूर्ण कामांसाठीचं विशेष अनुदान. काही जिल्हा नियोजन समितीमार्फत येतो, काही थेट मंत्रालयातून. संकुलं, स्वागत कमानी, चौक सुशोभीकरण हे बहुतेक या खात्यातलं. कोणत्या गावाला किती, हे आमदारांच्या पत्राच्या वजनावर बरंच ठरतं, हे काय मी सांगायला नको.

मोंढ्यातले भाऊ, तुमच्या संकुलाचा पैसा बहुधा तिसऱ्यातला. पण त्यात पालिकेचा स्वहिस्सा किती आणि तो कुठून भरणार, हे विचारा. 'खिशाला तोशीस नाही' तिथंच कळेल.

---

उडाणटप्पू | शनिवार, रात्री 11:32

एवढं लिहायची गरजच काय काका. सगळे मिळून खातात. विषय संपला.

---

जमाखर्च | रविवार, सकाळी 7:05

विषय तिथं संपला की खाणाऱ्याचंच फावतं, बाबा. 'सगळे खातात' म्हणणाऱ्यानं कधी ठरावाची प्रत मागितलेली मी नोकरीत पाहिली नाही.

---

गुत्तेदार_पण_खरा | रविवार, सकाळी 10:20

मी लहानसा गुत्तेदार आहे, नाल्या-रस्त्याची कामं घेतो. आतली गोष्ट सांगतो, शिव्या नंतर घाला.

पालिकेला सिमेंट का आवडतं? कारण सिमेंट मोजता येतं. अंदाजपत्रक बनवायला दरसूची आहे, तांत्रिक मान्यता मिळते, ई-निविदा निघते, मोजमाप पुस्तिकेत लांबी-रुंदी-उंची चढली की बिल तयार. 31 मार्चच्या आत खर्च दाखवायचा तर गाळे बांधणं सगळ्यात सोपं. उलट 'भाजीवाल्या बायांची कमाई वाढली पाहिजे' हे मोजमाप पुस्तिकेत कुठल्या पानावर चढवायचं? जेईला, म्हणजे कनिष्ठ अभियंत्याला, ते येत नाही आणि त्याच्यावर तशी जबाबदारीही नाही.

अजून एक. बांधकामाला निधी येतो, राखायला येत नाही. मी स्वतः बांधलेलं सार्वजनिक शौचालय सहा महिन्यांत कुलूपबंद झालंय. कुलूप का, तर झाडणाऱ्याचा पगार कुणी द्यायचा ते ठरलंच नव्हतं. बिल मात्र माझं निघालं, तेव्हा मी तक्रार कोणत्या तोंडानं करू.

---

मोंढ्यातला | रविवार, दुपारी 1:00

हे प्रामाणिक झालं. आभार.

---

गंजगोलाई_16 | रविवार, दुपारी 2:45

लातूरकर आहे, त्यामुळं गोलाई काढणारच. माफी असावी.

लातूरचा व्यापार कसा वाढला ते बघा. निजामाच्या काळात गंजगोलाईची आखणी झाली. मधोमध गोल इमारत आणि सोळा रस्ते येऊन तिला मिळतात. प्रत्येक रस्त्याला धंद्याची आपली ओळख: कुठं सोनं, कुठं गूळ-मिरची, कुठं कापड. दुकानं लोकांनी थाटली, राज्यकर्त्यांनी जागा आणि रस्ते आखून दिले. गिऱ्हाईक कुठून येणार आणि कुठून जाणार, याचा विचार आधी झाला होता. तुमच्या संकुलाच्या नकाशात बैलगाडी सोडा, छोटा हत्ती कुठं उभा राहणार ते दाखवलंय का?

दुसरी गोष्ट 2016 ची. मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं, टाक्यांपाशी जमावबंदी लावली होती. त्या उन्हाळ्यात इथल्या खानावळवाल्याला, वसतिगृहवाल्याला, चहाच्या टपरीवाल्याला विचारा 'आर्थिक विकास' म्हणजे काय. क्लासेसच्या पोरांवर अर्धं शहर जगतं, आणि पोरं राहतात ती नळाला पाणी असेल तर. आमच्याकडं पाणी हीच औद्योगिक योजना आहे. जमाखर्च काकांनी सांगितलेला तो 30 टक्के बांधलेला पैसा लोकांना अडचण वाटतो. माझ्या मते कामाचा पैसा तोच.

---

माजी_सदस्य | रविवार, सायंकाळी 6:10

दोन वेळा नगरसेवक होतो, एकदा बांधकाम सभापती. संकुलाची बाजू कुणीतरी मांडली पाहिजे.

तुम्ही सगळे पालिकेला भिकारी समजून बोलताय, आणि ती आहेच. क वर्ग पालिकेचं स्वतःचं उत्पन्न काय? घरपट्टी, पाणीपट्टी, बाजार वसुली, गाळाभाडं. चतुर्थ वार्षिक आकारणीत घरपट्टी वाढवली की मोर्चा निघतो, आणि मोर्चात तुम्हीच असता. पाणी दहा दिवसांनी येतं म्हणून पाणीपट्टी कुणी भरत नाही; पाणीपट्टी नाही म्हणून पंपाचं वीजबिल थकतं. मग गाळे बांधून कायमचं भाडं मिळवायचं म्हटलं तर चुकलं कुठं? स्वहिस्सा भरायचा तर हातात पैसा हवा. दिव्यांगांसाठी पाच टक्के, महिला-बालकल्याणासाठी पाच टक्के, हेही स्वतःच्या उत्पन्नातूनच काढायचं असतं. उत्पन्नच नसेल तर पाच टक्के कशाचे?

आम्ही बांधलेल्या संकुलामुळं बसस्थानकासमोरची चाळीसेक पोरं धंद्याला लागली. हे कुणी लिहिणार नाही.

---

जमाखर्च | रविवार, रात्री 8:30

सदस्यसाहेब, उत्पन्नाचा मुद्दा सोळा आणे खरा. पण गाळ्यांचं भाडं पालिकेच्या खात्यात खरंच येतं का, ते बघू.

लिलावात मोठी अनामत लावली की गाळा ज्याला धंदा करायचाय त्याच्या हाती जात नाही. ज्याच्याकडे रोकड पडून आहे तो घेतो आणि पोटभाडेकरू ठेवतो. पोटभाडेकरू बाजारभावानं भाडं देतो, पालिकेला मिळतं वीस वर्षांपूर्वीच्या करारातलं. मधला फरक कुणाच्या खिशात, ते गावाला माहीत असतं. मुदत संपली की नूतनीकरणावर न्यायालय, आणि तोवर भाडंही थकीत. मी ज्या नोंदवह्या लिहिल्या त्यांत 'मागील बाकी'चा रकाना चालू मागणीपेक्षा फुगलेला असायचा.

कायदा कडक आहे. 1965 च्या नगरपरिषद अधिनियमातल्या कलम 92 प्रमाणे तीन वर्षांपेक्षा लांब भाडेपट्टा द्यायचा तर वरची मंजुरी लागते. हिताविरुद्धचा ठराव कलम 308 खाली जिल्हाधिकारी थांबवू शकतात. पण तिथवर कागद नेणारा कुणीतरी हवा.

म्हणून माझा सल्ला: संकुलाला विरोध करू नका, आधीच्या संकुलाची भाडेवसुली मागा. रिकामे गाळे किती, थकबाकी किती, मूळ भाडेकरूच दुकानात बसलाय का. जुन्याची वसुली नीट असेल तर नव्याला माझा पाठिंबा.

---

तहबाजारी_पावती | रविवार, रात्री 10:05

आमची माय तीस वर्षं बाजारात बसू लालीय. वांगी, गवार, मिरच्या. त्यामुळं मी बाजाराचं सांगतो, संकुलाचं मला कळंना.

आमच्याकडं एकदा ओटे बांधले. चांगले पक्के, वर पत्रा. कुणी बसंना! का, तर ओटा कंबरेएवढा उंच. बाईनं वर चढायचं कसं आणि गिऱ्हाइकानं वाकून वांगं निवडायचं का मान वर करून? वर ओट्याची पाठ रस्त्याला. बाजारात येणारा माणूस रस्त्यानं येतो, त्याला माल दिसंना. पहिल्या बाजाराला दहा-बारा बाया बसल्या, दुसऱ्या बाजारी परत रस्त्यावर पोतं टाकून. मग पालिका म्हणती अतिक्रमण. आता त्या ओट्यावर पोरं पत्ते खेळतेत.

पावसाळ्यात मायला बाजाराला सोडायला गेलो की आधी चार विटा मांडायच्या, त्यावर फळी, फळीवर पोतं. खालून चिखल वाहतो. सकाळी सातला बसली की दिवे लागेपर्यंत पाण्याचा घोट घेत नाही, कारण बायांना जायला जागाच नाही. दुपारनंतर डोकं धरून बसती आणि उरलेला माल येईल त्या भावात फुंकून टाकती. तुमी म्हणता ना कमाई मोजमाप पुस्तिकेत चढत नाही? मुतारी नसल्यामुळं मायचं दर बाजारी किती नुकसान होतंय, ते मी बसून मोजून देतो.

वर बाजार वसुलीच्या ठेकेदाराची पावती आहेच. पावती फाडायला येतेत, झाडायला कुणी येत नाही.

---

गुत्तेदार_पण_खरा | रविवार, रात्री 10:40

ओटे कुणी बांधले ते विचारू नका. नकाशात उंची दिली होती तेवढी बांधली असणार. माल मांडणाऱ्या बाईला नकाशा कुणी दाखवत नाही.

---

बचतगट_ताई | सोमवार, दुपारी 12:30

तहबाजारी भाऊ, तुमच्या आईंना नमस्कार सांगा.

शहरातल्या बचत गटांचं काम करते, त्यामुळं दोन गोष्टी सांगते. पथविक्रेत्यांचा 2014 चा कायदा आहे. त्यात प्रत्येक शहरात पथविक्रेता समिती हवी, तिच्यात किमान 40 टक्के सदस्य विक्रेतेच हवेत आणि त्यांच्यातल्या एक तृतीयांश बाया. सर्वेक्षण होऊन प्रमाणपत्रं वाटल्याशिवाय कुणाला उठवता येत नाही. आणि ज्या नैसर्गिक, म्हणजे आपसूक भरत आलेल्या, बाजारात पन्नास वर्षांहून जास्त काळ विक्रेते धंदा करतात तो वारसा बाजार म्हणून जाहीर करायचा, तिथल्या विक्रेत्यांना हलवायचं नाही, असंही त्याच कायद्याच्या अनुसूचीत लिहिलंय. मोंढ्यातले दादा, तुमचा बाजार किती जुना आहे ते म्हाताऱ्या माणसांकडून आणि जुन्या पावत्यांवरून काढा. आठवडी बाजाराला हे कसं लागू होईल यावर वकील वाद घालतील, पण समितीपुढं विषय गेल्याशिवाय जागा रिकामी करणं पालिकेला सोपं जाणार नाही.

दुसरं, पीएम स्वनिधी, म्हणजे पथविक्रेत्यांना कर्ज देणारी केंद्राची योजना. जून 2020 पासून पहिलं कर्ज दहा हजारांचं होतं, मग वीस, मग पन्नास. 2025 मध्ये योजना वाढवली तेव्हा पहिले दोन टप्पे पंधरा आणि पंचवीस हजार झाले. फार मोठी रक्कम नाही, पण सावकाराकडून सकाळी उचलून संध्याकाळी व्याजासकट परत करणाऱ्या बाईला पंधरा हजार म्हणजे सुटका. यात पालिकेचा पैसा लागत नाही, लागतं ते ओळखपत्र किंवा शिफारसपत्र. नुसती सही! आमच्या गटातल्या काहीजणी त्या सहीसाठी हेलपाटे घालून कंटाळल्या. आर्थिक विकासाचं सगळ्यात स्वस्त काम हेच, आणि त्याला कोनशिला लागत नाही म्हणून कुणाला त्यात रस नाही.

महिला-बालकल्याणाच्या पाच टक्क्यांत दरवर्षी शिलाई मशीनचं प्रशिक्षण असतं. गावातल्या निम्म्या बाया आता शिवणकाम शिकल्यात, ब्लाऊज शिवून घेणारी कुणी उरली नाही. यंदा तरी विषय बदला म्हणावं.

---

नवा_जेई | सोमवार, सायंकाळी 7:15

(पालिकेतला नाही, दुसऱ्या खात्यात आहे.) काकांना प्रश्न. बांधलेल्या पैशातून बाजाराचं काम बसतं का? म्हणजे मुतारी, पाण्याची टाकी, नाली?

---

जमाखर्च | सोमवार, रात्री 9:00

बसवणाऱ्याला बसतं. बाजारातलं महिला शौचालय हे स्वच्छतेचं काम आहे. बाजारात पिण्याच्या पाण्याची टाकी आणि नळ हे पाण्याच्या भागात जातं. बाजाराचा ओला कचरा उचलून खत करणं हे घनकचऱ्यात. राज्यानं त्यासाठी 'हरित महासिटी कंपोस्ट' हे नावही दिलंय, आजूबाजूच्या शेतकऱ्याला ते विकता येतं. फरशी, योग्य उंचीचे ओटे, दिवे यांना मोकळ्या 40 टक्क्यांतून घ्या. म्हणजे संकुलाशिवायही अख्खा बाजार उभा राहतो. मात्र ही 2026 पर्यंतच्या आयोगाची विभागणी. एप्रिलनंतरच्या पैशाला नव्या मार्गदर्शक सूचना वाचूनच बोला.

आणि गुत्तेदारसाहेबांनी सांगितलेलं कुलूप विसरू नका. शौचालयाचा प्रस्ताव देतानाच झाडणाऱ्याचा खर्च बाजार वसुलीतून करायचा, असं ठरावात लिहून घ्या. ठेक्याच्या अटीत टाकलं तर उत्तम: जो पावती फाडेल त्यानंच बाजार झाडायचा.

---

माजी_सदस्य | सोमवार, रात्री 9:40

ठेक्याची अट चांगली आहे. आमच्या काळात सुचली नाही. पण मग ठेक्याची बोली कमी येईल, आणि 'उत्पन्न घटलं' म्हणून हेच लोक ओरडतील.

---

जमाखर्च | सोमवार, रात्री 9:52

ओरडू द्या. बोली किती घटली आणि झाडण्याचे किती वाचले, दोन्ही आकडे शेजारी लिहा.

---

गंजगोलाई_16 | सोमवार, रात्री 10:30

जाता जाता. केरळनं 1996 मध्ये राज्याच्या योजना खर्चाचा 35 ते 40 टक्के भाग स्थानिक संस्थांकडे सोपवला होता, आणि त्यातला ठरावीक वाटा शेती-उद्योगासारख्या उत्पादक कामावर खर्च करायचं बंधन घातलं होतं. म्हणजे कमाई वाढवणारं काम करणं संस्थांना भागच होतं. आपल्याकडं वसमतच्या हळदीला, जालन्याच्या मोसंबीला, बीडच्या सीताफळाला भौगोलिक मानांकन मिळालंय. पण त्या त्या गावच्या पालिकेच्या अंदाजपत्रकात त्या मालासाठी एखादं शेड, एखादा तोलकाटा दिसतो का, ते बघा. पालिका म्हणती ते बाजार समितीचं काम, समिती म्हणती पणन खात्याचं.

---

मोंढ्यातला | मंगळवार, रात्री 10:10

मंडळी, आज मुख्याधिकाऱ्यांच्या कार्यालयात जाऊन माहिती अधिकारात अर्ज टाकून आलो. तीन गोष्टी मागितल्या: संकुलाच्या प्रशासकीय मान्यतेची प्रत आणि तीत स्वहिस्सा किती, बसस्थानकाजवळच्या जुन्या संकुलाची गाळानिहाय मागणी-वसुली, पथविक्रेता समितीच्या शेवटच्या बैठकीचं इतिवृत्त. आवक लिपिकानं तिसरा मुद्दा वाचून विचारलं, "ही कोणती समिती?" शिक्का मात्र मारून दिला.

तीस दिवसांची मुदत आहे आणि अंदाजपत्रकाची सभा बहुतेक त्याआधीच होईल. म्हणून आमच्या प्रभागाच्या नगरसेविकेला भेटलो. नव्या आहेत, ऐकून घेतलं. शौचालय आणि टाकीचा विषय मी लेखी दिला तर त्या सभेत मांडू म्हणाल्या. संकुलाबद्दल मात्र "वरचा विषय आहे" एवढंच.

तहबाजारी भाऊ, मायला विचारून ओट्याची उंची किती पाहिजे आणि तोंड कुठल्या बाजूला, ते इंचात सांगा. अर्जात तसंच घालतो. आणि काका, ठेक्याच्या अटीचा मसुदा दोन ओळींत लिहून द्याल का? कार्यालयाची भाषा मला जमत नाही.

---

तहबाजारी_पावती | मंगळवार, रात्री 10:55

माय म्हणती नऊ इंच. त्याच्यावर नको. तोंड रस्त्याकडं, पाठीमागं नाली, आणि दोन ओट्यांमधी पाटी घेऊन जाता यावं एवढी जागा. पत्रा पश्चिमंकडून खाली उतरता पाहिजे, दुपारचं ऊन तिकडूनच मारतं.

---

जमाखर्च | बुधवार, सकाळी 6:40

घ्या: "ठेकेदाराने बाजाराच्या दिवशी वसुली संपल्यापासून चार तासांच्या आत संपूर्ण बाजार आवार झाडून ओला व सुका कचरा वेगळा करून द्यावा, तसेच महिला शौचालय बाजाराच्या वेळेत उघडे व स्वच्छ ठेवावे, कसूर झाल्यास प्रति बाजार दंड अनामतीतून वळता करण्यात येईल." दंडाची रक्कम सभागृहाला ठरवू द्या, तुम्ही लिहू नका. आणि अर्ज दोन प्रतींत द्या, एकीवर आवक क्रमांक घेतल्याशिवाय खिडकी सोडू नका.